सोनाक्काने टोपली खाली ठेवली

फार फार मागची गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता, हेही आता कुणाला आठवत नाही. एका डोंगराच्या कुशीत मोठं तळं होतं आणि तळ्याच्या खाली एक गाव होतं.

तळ्याचा बांध मातीचा. गावात आळ्या पाच, म्हणून बांधाचेही पाच वाटे केलेले. दोन वाट्यांच्या मध्ये एकेक दगड रोवलेला असे. दर उन्हाळ्यात प्रत्येक आळी आपापल्या वाट्यावर माती टाकी आणि कुणाचा वाटा उंच, याची चढाओढ लागे. दुसऱ्याच्या वाट्यावर कुणी टोपलीभर माती टाकली, तर त्या आळीला तो अपमान वाटे. बांधावर रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही, असाही दंडक होता. पाटीलसुद्धा डोक्यावर टोपली घेत.

रीत चांगली होती. तिच्याच जोरावर बांध आजवर टिकला होता. पण चांगली रीतसुद्धा कधी कधी माणसाचे डोळे झाकते.

या गावात सोनाक्का नावाची पाटकरीण होती. तळ्याची मोरी उघडायची, ज्याच्या त्याच्या पाळीने शेताला पाणी सोडायचं, हे तिचं काम. नवरा गेल्यावर ते तिच्याकडे आलं, त्याला वीस वर्षं झाली होती. ती बोले थोडं, बघे फार. तिचं घर खालच्या आळीत, अगदी शेवटच्या टोकाला. त्या वेळी तिची लेक मंजुळा बाळंतपणाला आलेली होती. बाळ दहा दिवसांचं होतं.

भाद्रपद सरत आला होता आणि आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. नवव्या दिवशी सकाळी पाणी बांधाच्या माथ्यापासून दोन हातांवर आलं. शिंग फुंकलं गेलं. सारं गाव टोपल्या घेऊन बांधावर धावलं आणि जो तो आपापल्या वाट्यावर माती टाकू लागला.

सोनाक्काही टोपली घेऊन निघाली. वाटेत विणकर आळीच्या वाट्यापाशी ती थबकली. विणकर आळीची तरणी माणसं कापड घेऊन दूरच्या बाजाराला गेली होती. मागे राहिलेले दहा-अकरा म्हातारे बांधाच्या माथ्यावर मूठ मूठ माती टाकत होते. आणि त्यांच्या पायांखाली, बांधाच्या बुडातून पाणी झिरपत होतं.

सोनाक्काने ते ओंजळीत घेतलं. पाणी गढूळ होतं.

झिरपणारं पाणी निवळ असेल तर भय नसतं. गढूळ आलं, की समजावं, आतून बांधाचं पोट खाल्लं जातंय.

तिने शेजारच्या वाट्यावरच्या लोकांना हाक मारली, "इकडे या रे, बूड चाललंय."

"तो विणकरांचा वाटा आहे, अक्का," एकाने मान वर न करता सांगितलं. "आमचंच आम्हाला पुरेना."

सोनाक्का तशीच पाटलांकडे गेली. पाटील साठीचे, चिखलाने माखलेले, डोक्यावर टोपली घेऊन चढत होते.

"पाटील, टोपली खाली ठेवा. बांध विणकरांपाशी फुटतोय, आणि कुणी बघत नाही."

पाटील थांबले. "रिकाम्या हाताने उभा राहू? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. कुणीतरी उभं राहायलाच हवं."

पाटलांनी वर आभाळाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. सत्तर खेड्यांत त्यांच्या शब्दाला मान होता. पण ते सरळ मनाचे होते.

"अक्का, मला माणसं कळतात, पाणी कळत नाही. तू उभी राहा." आणि त्यांनी मोठ्याने सांगितलं, "ऐका सगळे. पाणी उतरेपर्यंत सोनाक्काचा शब्द तोच माझा शब्द. मीही तिचं ऐकणार आहे."

सोनाक्काने टोपली खाली ठेवली. बांधाच्या मधोमध एक उंच धोंडा होता, त्यावर ती चढून उभी राहिली. लोक बघत राहिले. त्या बांधावर असं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं.

वरच्या आळीत रावजी नावाचा एक धिप्पाड गडी होता. त्याची जीभ त्याच्या हातांहून जास्त चाले. तो म्हणाला, "अक्का, छत्र धरायला माणूस पाठवू का?"

"पाठव," सोनाक्का म्हणाली. "पण धावणारा पाठव. नाहीतर तूच ये."

लोक हसले. रावजी ओशाळला, पण आला.

तिने प्रत्येक आळीचा एकेक माणूस बोलावला. "मी तुम्हा पाच जणांशीच बोलणार. तुम्ही आपापल्या माणसांशी बोला. आणि खोटा धीर देऊ नका. जे दिसेल तेच मला सांगा."

दोन आळ्यांना तिने विणकरांच्या वाट्याखाली उतरवलं. ते चिखल थापून भोक बुजवू लागले, तशी ती धोंड्यावरून ओरडली, "पाणी अडवू नका, माती अडवा. आधी गवताच्या पेंढ्या लावा, वर खडी, वर दगड. पाणी येऊ दे, माती येता कामा नये."

मग ती पाटलांकडे वळली. पुढचं सांगताना तिचा आवाज खाली आला. "पाटील, तुमच्या वरच्या आळीच्या वाट्यात जुना सांडवा आहे. वाटा उंच करायच्या नादात तुम्ही त्याच्यावरच माती टाकत आलात. जादा पाणी जायची वाट तीच आहे. तो खणायचा. पण पाणी तुमच्या ज्वारीतून जाईल."

पाटलांनी आपल्या वाट्याकडे पाहिलं. त्यांच्या आळीचा वाटा गावात सर्वांत उंच होता. त्यांच्या आज्याच्या हातची माती होती त्यात.

"कुदळ द्या रे," ते म्हणाले, आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

राहिली खालची आळी. तिथली बायकापोरं, म्हातारीकोतारी टेकडीवर न्यायची होती. ते काम सोनाक्काने रावजीला दिलं.

"कुठून सुरुवात करू?"

"विणकरांच्या वाट्याखालच्या घरांपासून. फुटलं तर पाणी तिथे आधी पडेल."

रावजी घुटमळला. "अक्का, मंजुळा त्या टोकाला आहे."

"मला ठाऊक आहे," सोनाक्का म्हणाली. "ते टोक शेवटी."

दुपार कलली. सांडवा अजून मोकळा व्हायचा होता, तोच विणकरांच्या वाट्याचा बैलगाडीएवढा तुकडा घसरून खाली गेला. बायका किंचाळल्या. सोनाक्काला धोंड्यावरून आपल्या घराचं छप्पर दिसत होतं. बाळंतिणीच्या शेगडीचा धूर अजून त्यातून निघत होता. तिचे पाय आपोआप दोन पावलं खाली उतरले.

पाटलांनी ते पाहिलं. ते म्हणाले, "जा तू, लेकीला घेऊन ये. मी इथे उभा राहतो."

"पाटील, बुडातून गढूळ पाणी येतंय की निवळ, ते तुम्हाला इथून ओळखता येईल?"

"नाही."

"मग कशी जाऊ?"

ती दोन पावलं परत वर चढली. तिने पाचही माणसांकडे पाहिलं, आणि ती पाचही माणसं तिच्याकडेच बघत होती. ती पळाली असती, तर तिच्यामागे सारा बांध पळाला असता. तिने हात वर करून घसरलेली जागा दाखवली. "पेंढ्या तिकडे. सावकाश. पाय बघून टाका." आवाज रोजचाच होता, पाण्याची पाळी सांगताना असायचा तसा.

थोड्या वेळाने सांडवा मोकळा झाला आणि पाणी पाटलांच्या उभ्या ज्वारीतून घोंघावत गेलं. तळं बोटाबोटाने उतरू लागलं. सांज व्हायच्या आधी बुडातलं पाणी निवळ झालं.

तेव्हा रावजी आला. त्याच्या छातीशी फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं आणि मागे चौघांनी खाटेवर मंजुळेला आणलं होतं. रावजी थट्टा विसरला होता. "एकाही घरात कुणी राहिलं नाही, अक्का," एवढंच तो म्हणाला.

सोनाक्का धोंड्यावरून उतरली आणि तिथेच चिखलात बसली.

मंजुळा मात्र रागावलेली होती. "सगळ्या गावाला नेलं आणि आम्ही शेवटी? आई ना तू माझी?"

सोनाक्काने लेकीच्या पायांवर घोंगडी ओढली.

त्या दिवशी चार घरं पडली, पाटलांची ज्वारी गेली, पण माणूस एकही गेलं नाही. दोन दिवसांनी बाळाचं बारसं झालं. तोवर मंजुळा आईशी बोलली नव्हती. बारशाला विणकरांच्या वाट्याखालच्या घरांतल्या, सर्वांत आधी टेकडीवर नेलेल्या बायका आल्या, आपापली लेकरं कडेवर घेऊन. मंजुळेने ती लेकरं एक एक करून पाहिली. मग ती उठली आणि पाळण्याची दोरी तिने आईच्या हातात दिली.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलांनी वाट्यांमधले दगड उपटून टाकले आणि सांडव्यावर माती टाकायला बंदी केली. संकटाच्या वेळी बांधावर कुणी रिकाम्या हाताने उभं राहायचं, हे तेव्हापासून गाव आधीच ठरवून ठेवू लागलं. त्या माणसाला मग कुणी हसत नसे.

बोध: संकटात राबणारे हात पुष्कळ असतात, पण एकाने हात थांबवून सगळीकडे पाहावं आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकावं, तरच ते हात कामी येतात.