हौसा मापाडीण आणि फुकटाचा रांजण

एका राज्यात, जिथे डोंगर मुके होते पण पक्षी बोलत, हौसा नावाची मापाडीण राहत असे. मापाडीण म्हणजे बाजारात धान्य मापून देणारी. तिच्या हाती पायली आली की दाणा इकडचा तिकडे होत नसे, आणि तिची जीभही पायलीइतकीच चोख होती.

त्या बाजाराचा एक जुना रिवाज होता. सौदा धान्याचा असो की घोड्याचा, तो ठरला की मापाड्याने घेणाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे. "घेतलं काय?" आणि "सोडलं काय?" दोन्हींची उत्तरं मोठ्याने दिल्याशिवाय माल हलत नसे. कुणी म्हणे, "घेतले दोन पायल्या तांदूळ, सोडलं सणाचं लुगडं." कुणी म्हणे, "घेतला बैल, सोडली विहीर." एकदा एक शिलेदार रेशमी खोगीर घ्यायला आला. हौसाने विचारलं, "सोडलं काय?" तो ऐटीत म्हणाला, "घरावरची कौलं." म्हणाला खरा, पण लगेच त्याची नजर आभाळाकडे गेली. खोगीर ठेवून तो निमूट घरी परतला. लोक हसले, पण बेतानेच हसले, कारण असं हसं प्रत्येकाचं कधी ना कधी झालेलं होतं.

मग त्या नगरात घटोदर नावाचा मांत्रिक आला. पोट सुटलेलं, बोलणं साखरेत घोळलेलं. त्याने भर चौकात माणसाएवढा रांजण मांडला आणि म्हणाला, "हात घाला, मागा, घेऊन जा. मोल काही नाही." एवढं बोलून तो आला तसा निघून गेला.

पहिला हात राजा भद्रसेनाने घातला. त्याला हिऱ्यांचं सिंहासन मिळालं. राजा मनाचा वाईट नव्हता बरं का. आपली प्रजा दिवसभर राबते, तिला जरा सुख लागावं, असं त्याला मनापासून वाटे. त्याने दवंडी पिटवली, "रांजणाला मोल नाही. सबब 'सोडलं काय' हा अशुभ प्रश्न आजपासून बंद."

इथेच घात झाला. रांजणाला मोल होतं. घेणाऱ्याने ते आपल्या तोंडाने सांगितलं नाही, तर रांजण आपणच काहीतरी निवडून नेई, आणि निवड त्याला फार चांगली कळत असे.

कोष्ट्याने तांब्याचं घंगाळ मागितलं, त्याच्या बोटांतून विणकाम गेलं. तेलिणीने चंद्रहार मागितला, तिची आईकडून आलेली अंगाई गेली, आणि तिचं तान्हं दिवसभर किरकिरू लागलं. राजाच्या जिभेवरची मिठाची चव गेली. तो अळणी जेवणाबद्दल आचाऱ्यांना हाकलून देई, आणि नवं पक्वान्न मागायला पुन्हा रांजणाकडेच जाई. काय गेलं ते ज्याचं त्याला सहसा कळतच नसे. नुसतं काहीतरी चुकतंय, असं वाटत राही.

हौसाचा नवरा सुभाना बुरूड होता. सुपं, टोपल्या विणायचा. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना होती. एके दिवशी त्याच्या मनात आलं, हौसाच्या अंगावर जन्मभर जाडंभरडंच राहिलं. तो चौकात गेला, रांजणात हात घातला आणि जरीचा शेला घेऊन घरी आला. दारात मात्र तो थबकला.

"बाई," तो अदबीने म्हणाला, "मी सुभाना बुरूड. हा शेला मी माझ्या बायकोसाठी आणला. ती कुठे राहते, आपल्याला ठाऊक आहे का?"

हौसाला वाटलं, चेष्टा करतोय. मग तिने त्याचे डोळे पाहिले, आणि तिच्या हातची पळी खाली पडली.

"मीच ती," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणाली. शेजाऱ्यांनी येऊन सांगितलं. पण रांजणाने जे नेलं ते पुरतं नेलं होतं. ते शब्द सुभानाच्या कानाशी येत आणि तिथेच विरून जात. त्याला तेवढे ऐकूच येत नसत. तिच्यासोबत तिचं घरही त्याला परकं झालं होतं, पण जायला दुसरी जागा नाही म्हणून तो पडवीत राहू लागला. दोन्ही वेळा जेवे आणि म्हणे, "उपकार झाले, बाई." हौसा आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडे.

एक दिवस तो म्हणाला, "पौर्णिमेला मी निघतो. जग मोठं आहे, पण ती कुठेतरी माझी वाट बघत असेल."

पौर्णिमेला सात दिवस होते.

हौसा राजवाड्यात गेली. राजा म्हणाला, "बाई, फुकट मिळालेल्या वस्तूची फिर्याद मी कशी घेऊ?"

"महाराज, आज आपल्या जेवणात मीठ होतं?"

राजाने ओठांवरून जीभ फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाला, "जा. शोधायला निघालीच आहेस, तर माझंही बघ."

चौकात रांजणाच्या काठावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "या रांजणाला तळ नाही. यातलं सगळं नदीपलीकडे घटोदराच्या कोठारात जाऊन पडतं. वाटेत तीनदा मोल करावं लागेल. चल, मी येते."

"तुझं काय गेलं ग?" हौसाने विचारलं.

"मी डाळिंब मागितलं. आता पिलांची हाक ऐकू येते, पण त्यातली माझी कोणती ते कळत नाही."

दोघी निघाल्या. दिवसभर चालून त्या एका खिंडीत पोचल्या. वाट अडवून एक राक्षस काळ्या खडकात विहीर खणत होता. शंभर वर्षं खणत होता, आणि पाण्याचा थेंब नव्हता.

"मी खणू की थांबू?" तो गरजला. "खोटं बोलशील तर आत टाकीन." आत पन्नासेक वाटसरू घाम गाळत खणत होते. त्यांनी सांगितलं होतं, एवढं खणलंस तर आणखी खण.

हौसाने खडक पाहिला. "पाणी दुसरीकडे कुठे आहे?"

"अर्ध्या कोसावर झरा आहे."

"मग थांब."

"आणि माझी शंभर वर्षं?" राक्षसाने विचारलं.

"ती खडकात गेली, बाबा. खणलंस तरी परत येणार नाहीत, थांबलास तरी येणार नाहीत. उद्याचा दिवस मात्र अजून तुझा आहे. तो कुठे घालायचा, एवढंच तुझ्या हातात."

राक्षसाने पहार टाकली आणि मोठ्याने रडू लागला. शंभर वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. हौसा घाईत होती, तरी त्याचं रडणं ओसरेपर्यंत त्याच्याजवळ बसली. मग त्याने वाटसरूंना वर काढलं आणि खिंड मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी नदी लागली. नावाडी म्हणाला, "पलीकडे नेतो. मोल, हातातला एक चांदीचा गोट."

"एका खेपेला चांदीचा गोट?" हौसा कडाडली. "लुटायला बसलास की काय? पूल कुठे आहे?"

"वरच्या अंगाला. त्याला मोल नाही."

आणि हौसा मापाडीण, जिने उभ्या बाजाराला प्रश्न विचारले, ती पदर खोचून पुलाकडे निघाली. काय सांगावं! नदीच्या काठाकाठाने एक दिवस वर, पूल ओलांडून एक दिवस खाली. पायांना फोड आले. नाव जिथे लागली असती तो पलीकडचा धक्का समोर दिसला तेव्हा ती मटकन खाली बसली.

"घेतलं काय?" साळुंकीने विचारलं.

"गोट वाचवला."

"सोडलं काय?"

"दोन दिवस," हौसा म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. सातांतले चार दिवस संपले होते. परतीलाच दोन हवे होते. दुसऱ्याचं माप करणं सोपं असतं, आपल्या घरी मात्र भलेभले चुकतात. हौसाला स्वतःचा इतका राग आला की ती उरलेली वाट धावतच गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ती कोठारात शिरली. आत मडकीच मडकी. एकात कोष्ट्याची बोटं थरथरत होती, एकात अंगाई गुणगुणत होती. मधोमध मोठा तराजू, आणि त्यापाशी घटोदर कंटाळून बसलेला. तोही खरा शापातच होता. एकेकाळी त्याने गुरूची विद्या फुकटात लाटली होती. गुरूने शाप दिला, मोल ओळखणारं माणूस येईपर्यंत लोकांचं हरवलेलं सांभाळत बस.

हौसाने सुभानाचं मडकं लगेच ओळखलं. त्यात ती स्वतःच दिसत होती, बारा वर्षांपूर्वीची, हिरव्या चुड्यातली.

"ने," घटोदर म्हणाला. "फुकट ने."

"फुकट नको. विकत घेईन. आणि सगळी घेईन. रांजणही फुटला पाहिजे."

घटोदर ताडकन उठला. "विकत मागणारी तू पहिलीच. मग मला द्यावंच लागेल. पण या पारड्यात सगळी मडकी, त्या पारड्यात तुझं मोल. काटा सरळ झाला पाहिजे."

हौसाने गोट टाकले. काटा हलला नाही. "माझी दहा वर्षं," ती म्हणाली. काटा हलला नाही. घटोदराने मान खाली घातली. मग सुभानाचं मडकं उचलून त्याने दुसऱ्या पारड्याशी नुसतं धरलं, आणि काटा थरथरला.

"हे नको," हौसा म्हणाली. "मी याच्यासाठीच आले."

"मग हेच घेऊन जा, बाई. बाकीची राहू देत. गावाला कळणारही नाही."

"गावाला कळत नाही, हेच तर सगळं दुखणं आहे."

ती खाली बसली. तिने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. एकटं सुभानाचं मडकं नेलं तर तो आज ओळखेल. पण रांजण चौकातच राहील, आणि उद्या माझ्यासाठीच तो पुन्हा हात घालील, कारण माणूस तसाच आहे. कोष्ट्याची बोटं गेली, ती दुसरी कुठून आणायची? तेलिणीच्या आईची अंगाई, ती आई तर आता नाही. ते एकदाचं गेलं की गेलं. माझी ओळख गेली आहे, पण माणूस आहे. पडवीत बसला आहे. ओळख पुन्हा करता येते. होईल की नाही, कोण जाणे. पण करता येते.

असं तिने मोजलं आणि हंबरडा फोडला. माप बरोबर आलं म्हणून कुणाचं दुःख कमी होत नाही.

मग ती उठली, डोळे पुसले आणि बाजारातल्या आवाजात म्हणाली, "घेतलं काय? सगळ्यांचं सगळं. सोडलं काय? माझ्या सुभानाने मला ओळखणं."

तिने आपल्या हाताने ते मडकं पारड्यात ठेवलं. काटा सरळ झाला. ते मडकं मिठासारखं विरघळलं, आणि बाकीची सगळी एकदम फुटली. त्याच क्षणी चौकातला रांजण दुभंगला. त्यातून आलेल्या प्रत्येक वस्तूची माती झाली. राजा सिंहासनावरून धाडकन खाली आपटला, त्याचा ओठ दाताखाली आला, आणि ओठावरचं रक्त खारट लागलं म्हणून तो आनंदाने ओरडला. कोठारात घटोदराचं पोट सपाट होऊन एक साधा म्हातारा उरला. तो हौसाच्या पाया पडला आणि आपल्या गावी निघून गेला.

हौसाने गोट हातात चढवले, नदीवर येऊन त्यांतला एक नावाड्याला दिला आणि घासाघीस केली नाही. सातव्या दिवशी दुपारी ती घरी पोचली. सुभाना ओटीवर बसला होता. शेजारी बांधलेलं गाठोडं होतं.

"शेल्याची माती झाली, बाई," तो म्हणाला. "तरी मी निघणारच होतो."

"मग?" हौसाने विचारलं.

"सात दिवस आपण नव्हता. मी या ओटीवरून वाटेकडे बघत बसलो. आज ध्यानात आलं की मी तिची वाट बघतच नव्हतो, आपली बघत होतो." त्याने मान खाली घातली. "तिचा शोध मी सोडतो. ती जिथे असेल तिथे तिने मला क्षमा करावी. आपली हरकत नसेल, तर मी इथेच राहीन."

हौसा हसली की रडली, ते शेजाऱ्यांनाही नीट सांगता आलं नाही. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "परक्या बाईच्या घरात असं कसं राहाल? लग्न लावावं लागेल."

तर मंडळी, त्या राज्यात एकाच जोडप्याचं लग्न दुसऱ्यांदा लागलं. आधी राजाने दवंडी मागे घेतली आणि सौद्याचे दोन्ही प्रश्न पुन्हा सुरू केले. मग कोष्ट्याने चार दिवसांत लुगडं विणून दिलं. तेलिणीने मुलाला निजवून मांडव सारवला. राजाने स्वतः पंगतीत मीठ वाढलं, आणि जरा जास्तच वाढलं. साळुंकी आपल्या पिलांना घेऊन मांडवाच्या आढ्यावर बसली.

अंतरपाट धरला गेला. पलीकडून सुभानाने हलकेच विचारलं, "बाई, सगळं गाव का रडतंय?"

"लग्नात रडतात," हौसा म्हणाली.

अंतरपाट दूर झाला. सुभानाने तिच्याकडे पाहिलं, आणि तो पाहतच राहिला, इतका की भटजींना त्याला दोनदा हाक मारावी लागली. पहिल्या लग्नात तो लाजून खालीच बघत होता, असं हौसा पुढे आयुष्यभर सांगत असे.