मिठाच्या पाण्याचा डबा

"अंगात ताप असताना दादा कामावर का आला?"

हे मी डॉक्टरला विचारलं होतं. आईला विचारलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी परकारचाचांना विचारलं.

चाचा कोळसा कुटत होते. कुटत राहिले.

त्यांची शेड खाडीच्या धक्क्याला लागून आहे. आधी ते बोटींच्या मोटरी बांधायचे, आता दिव्यांसाठी डबे करतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा बारीक करून पट्ट्यांवर चढवायचा, दोन पट्ट्यांमध्ये कागद घालायचा आणि एका पांढऱ्या मिठाचं पाणी ओतायचं. त्यात वीज साठते. बॅटरीला भरायला तासन्‌तास लागतात, हा चहा होईपर्यंत भरतो. चाचा त्याला कपॅसिटर म्हणतात, गाव डबा म्हणतं.

माझा भाऊ श्रीधर दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. मी बोटीवर खलाशी. सातवीपर्यंत शिकलो, तेही दादाच्या माराने.

दादा सोमवारी तापात इथे आला. सहा कप्प्यांचा एक डबा त्याने पुरा केला, वीज भरली आणि घरी जाऊन झोपला. गुरुवारी गेला.

तो डबा टेबलावर होता. चाचांनी मीटर लावला.

"तीन पूर्णांक आठ," ते म्हणाले. "त्याने सहा व्होल्ट भरले होते."

"कोणी वापरला?"

"कोणी हात लावला नाही."

"मग गेलं कुठे?"

"रोज थोडं जातं. पाण्याचं आहे."

"शहरात डब्यात घालायला दुसरं औषध मिळतं म्हणे. पाणी नसतं त्यात. जास्त भरता येतं."

"मिळतं. ते पेटतं." चाचांनी खाडीकडे बोट केलं. "हा डबा जानूच्या होडीवर दिव्यासाठी जायचाय. होडीतून बायामाणसं, पोरं खाडी ओलांडतात. तुझ्या दादानेच पाण्याचा हट्ट धरला."

"जानूकाकांसाठी आला होता का तो तापात?"

चाचांनी मुसळ पुन्हा उचललं.

"मी नाही देणार डबा," मी म्हणालो. "दादाने भरलेलं आहे यात. शेवटचं."

मला वाटलं ते भांडतील. मी भांडायलाच आलो होतो.

"घेऊन जा," चाचा म्हणाले. मीटरही दिला.

मी रोज सकाळी मीटर लावायचो. साडेतीन. तीन पूर्णांक तीन. आई विचारायची, काय बघतोस. मी सांगायचो नाही. आठव्या दिवशी आकडा तीनच्या खाली गेला.

मी मोटरसायकलची बॅटरी काढून आणली आणि जोडली.

आकडा पळाला. सहा, सात, नऊ. मला बरं वाटलं. मग डब्यातून फसफस ऐकू आली. दोन कप्प्यांची झाकणं फुगली आणि कडेने पाणी आलं. ते पुसायला मी आधी दादाचा टॉवेल घेतला. मग तो ठेवून माझा शर्ट घेतला.

सकाळी डबा उचलून शेडवर गेलो.

चाचांनी फुगलेल्या झाकणांवरून अंगठा फिरवला.

"किती व्होल्टची लावलीस?"

"बाराची."

"एका कप्प्याला दोन आले. पाणी एवढं सोसत नाही. फुटून त्याचा वायू होतो."

"मला काय माहीत?"

"बोटीवर तरी विचारून हात लावतोस का?"

"नाही."

"मग तांडेल बोटीवर ठेवतो कसा तुला?"

"मारतो."

चाचा थोडे हसले. मी पण. मग मला हसल्याची लाज वाटली.

"दोन कप्पे नव्याने भरावे लागतील," ते म्हणाले. "आधी डबा रिकामा कर."

"नको. दादाचं आहे त्यात."

"बरं." चाचांनी टेबलावर शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवल्या. रिकाम्या. "या वाटीत दादाचं काढ. या वाटीत तुझं."

मी वाट्यांकडे बघत राहिलो...

बाहेर जानूकाका होडीतलं पाणी उपसत होते. डबडं लाकडावर घासल्याचा आवाज येत होता.

चाचांनी दिव्याची वायर पुढे केली. मी ती डब्याला जोडली. दिवा लागला. आम्ही दोघं बघत बसलो. तो पिवळा झाला, मग तांबूस, मग गेला. मग चाचांच्या सांगण्यावरून मी डब्याच्या दोन टोकांना आडवी तार लावली. राहिलेलं निघून जायला तशी लावतात. मीटर शून्यावर आला.

"झालं," मी म्हणालो आणि तार काढून टाकली.

"झालं?"

"शून्य आहे ना."

"मग चहा ठेव."

मी स्टोव्ह पेटवला. चाचांच्या चहात दूध कमी, साखर जास्त. दादाही तसाच प्यायला लागला होता, आई त्यावरून कुरकुरायची. कप घेऊन टेबलाशी आलो तेव्हा मीटर जोडलेलाच होता.

एक पूर्णांक आठ.

"तुम्ही लावली बॅटरी?"

चाचांनी दोन्ही हात वर करून दाखवले. मधल्या वेळात कोळसा कुटून काळे झाले होते. मीटर, डबा, वायरी, कशावरही काळा डाग नव्हता.

"मग कुठून आलं?"

"करवंटीच्या कोळशाला भोकंच भोकं असतात. डोळ्याला दिसत नाहीत. वरवरचं लगेच निघतं. खोल गेलेलं सावकाश वर येतं."

टेबलावर तपासायचा बारका लाल दिवा पडला होता. चाचांनी तो माझ्याकडे सरकवला. मी त्याचे दोन पाय डब्याच्या टोकांना टेकवले.

लागला. शेडच्या उजेडात दिसेल न दिसेल एवढा. मी हाताचा आडोसा केला.

"हे दादाचं का?"

चाचांनी चहाचा घोट घेतला.

"चाचा, हे दादाचं का?"

लाल दिवा विझला. माझा हात तसाच आडोशाला होता. चहावर साय धरली.

मग मीच तार उचलली, पुन्हा आडवी लावली आणि पक्कडीने पिळली.

"किती वेळ ठेवायची?"

"दादा परवापर्यंत ठेवायचा."

मी दोन दिवस बोटीवर गेलो नाही. तांडेलाने शिव्या पाठवल्या. तिसऱ्या दिवशी तार काढून मीटर लावला आणि अर्धा तास थांबलो. आकडा हलला नाही. मी फुगलेले दोन कप्पे उघडले. पट्ट्या धुतल्या, कागद बदलला, मिठाचं पाणी ओतलं. चाचा स्टुलावर बसून जाळं विणत होते. एकदाही उठले नाहीत.

दुपारी डबा होडीवर नेला. जानूकाकांनी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, पाट आधीच ठोकून ठेवला होता.

"श्रीधरने सोमवारचा शब्द दिला होता मला," ते म्हणाले. "मी त्याला शेडवर निरोप धाडला होता, बरा झाल्यावर दे म्हणून."

"मिळाला होता का त्याला?"

"देवाला ठाऊक."

मी चाचांकडे बघितलं. ते दिव्याची काच पुसत होते.

मी स्क्रू आवळले, वायरी जोडल्या आणि डबा भरायला लावला. आकडा चढू लागला. चार. पाच. सहा आल्यावर मी हात काढला. अजून चढला असता.

दिवा लावून बघितला. दोन पोरी होडीत बसल्या होत्या, त्या वळून बघू लागल्या. जानूकाकांनी बांबू टेकून होडी लोटली.

"किती दिवस पुरेल, चाचा?"

चाचांनी काच पुसायचं फडकं झटकलं.

"उद्या ये. पुन्हा भरावा लागेल."