सात उंटांचं एक गाठोडं

"सात वस्तू हव्यात, पण उंट एकही नको!" चिंचगडच्या राजा तुंगसेनाने सिंहासनावरूनच पाय आपटला.

राजाला परमुलखातल्या वस्तूंचं भारी वेड. पण डोंगरापलीकडच्या तुर्रापूरचे व्यापारी मोठे विचित्र! गावातल्या गिऱ्हाइकाला माल हातोहात घरपोच. परराज्यात मात्र एक वस्तू, एक पेटारा, एक उंट! मागे महाराजांनी मिशांचा कंगवा मागवला, तर तो पुरुषभर उंचीच्या पेटाऱ्यातून, उंटावर बसून आला. उंट महिनाभर मुक्कामाला राहिला आणि राणीसाहेबांचा मोगरा मुळासकट फस्त करून गेला. तेव्हापासून राणीसाहेब महाराजांशी बोलत नव्हत्या.

"दसऱ्याच्या आत माल इथे हवा! बोला, कोण आणतंय?"

सगळा दरबार जमिनीकडे बघू लागला.

"उंटांना गाईसारखा रंग दिला तर?" दिवाणजी पुटपुटले.

धुतलेले कपडे घेऊन दाराशी उभी असलेली चांगुणा परटीण फिस्सकन हसली.

"हसायला काय झालं गं?" राजाने डोळे वटारले.

"न्हाई, म्हंजे, महाराज, मी चाळीस घरचं धुणं आणते. म्हणून काय चाळीस गाढवं पाळते व्हय? एक चादर, एक गाठोडं, एक गाढव! आन् कापडागणिक बिब्ब्याची खूण. तुमची बंडी कधी दिवाणजींच्या अंगात गेली का?"

"मग तूच आण!" राजा गरजला. "नाही जमलं, तर तुझं गाढव जप्त!"

चांगुणेने जीभ चावली. सरदार हे तिचं एकुलतं एक गाढव; तोच गेला, तर चाळीस घरचं धुणं नदीवर न्यायचं कुणाच्या पाठीवर? जिभेला हाड नाही ते असं! पण आता माघार कसली?

ती तडक बाजारात गेली. तुर्रापूरहून महिन्याला मीठ घेऊन येणारा बैलांचा तांडा परत निघाला होता. तिने नायकाच्या हाती महाराजांची यादी, मोहरांची थैली आणि तुर्रापुरात दिलेल्या नणंदेसाठी निरोप दिला.

"वन्सं, ह्या सात वस्तू तुमच्या नावानं, तुमच्या घरी मागवा. तुम्ही तर गावातल्याच, तुमच्याकडं उंट कशाला येतोय! पेटारे चुलीत घाला, सगळं एकात एक बसवा आन् मिठाच्या बैलावर टाका. गाठोड्यावर आपली खूण करायला इसरू नका!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरदार ऐटीत दरबारात शिरला. पाठीवर एकच गाठोडं, त्यावर बिब्ब्याची ठसठशीत खूण!

राजाला कुठला धीर! त्याने स्वतःच गाठ सोडली आणि तो पसरलेल्या कापडावर फतकल मारून बसला. आत तांब्याचा हंडा. हंड्यात पगडी. पगडीत मोजड्यांचा जोड. डाव्या मोजडीत अत्तराची कुपी, उजवीत दुर्बीण, आणि दुर्बिणीच्या नळीत सोन्याचं कानकोरणं!

राजाने नवी पगडी डोक्यावर चढवली आणि बोटं मोजली. पुन्हा मोजली. "सहाच! माझी तुर्रापुरी रेशमी चादर कुठाय? दिवाणजी, गाढव धरा!"

दिवाणजी धावले. सरदाराने मागचे पाय जरासे उचलले, तसे दिवाणजी तितक्याच वेगाने परत आले.

चांगुणेने शांतपणे हात जोडले. "महाराज, तेवढं जरा उठता का?"

"का म्हणून?"

"सातव्या वस्तूवर बसलाय तुम्ही! मळू नये म्हणून वन्संनी उलटी करून बांधलीया."

राजा टुणकन उठला आणि त्याने कापडाचं टोक उलटवलं. आत झगमगतं रेशीम! आधी शेजारी तोंड फिरवून बसलेल्या राणीसाहेबांना हसू फुटलं, मग महाराजांना, आणि ते पोट धरून असे हसले की नवी पगडी हंड्यात जाऊन पडली.

"शाब्बास! आजपासून चिंचगडात कुणीही परमुलखातून काहीही मागवो, माल तुझ्या नणंदेच्या घरी उतरेल आणि तुझ्याच गाठोड्यातून येईल!"

भर पेठेत चांगुणेला दुकान मिळालं, सरदाराला भरजरी झूल. आणि दिवाणजींनी उंटांसाठी कालवलेल्या रंगाची बादली हळूच सिंहासनामागे सरकवली.