सूनबाई, ठोकू का?

जरा थांबा मंडळी, लगेच आवाज येणार नाही. आमच्या या तांबट आळीत सकाळी कारागीर हातोडा घेऊन बसतो, पण आधी घराकडं तोंड करून विचारतो, "सूनबाई, ठोकू का?" आतून "ठोका" आलं, की मगच पत्र्यावर पहिला घाव पडतो.

त्याचं असं सांगतात. आमच्या पणज्यांच्या वेळी या मुलखात बंदूकवाल्यांची एक फौज उठली होती. ती ना राजाची, ना सरकारची. गावानं आपल्या धाकात राहावं म्हणून ती भर बाजारात बॉम्ब लावायची. मरायची मिरच्या विकणारी, बैल बघायला आलेली माणसं. अशाच एका बाजारी सटवाजी तांबटाची सून गोजरा धाकट्या बहिणीला बांगड्या भरायला घेऊन गेली. तिथंच बॉम्ब फुटला. बहीण गेली. गोजरा वाचली.

त्यानंतर म्हणे, तांब्यावर हातोडा पडला की ती कणगीमागं कान झाकून बसायची. सटवाजीनं हातोडा खाली ठेवला. त्याचं बघून आळीनं ठेवला. पण तांबटाचा हात थांबला की चूल थांबते. पोरं अर्धपोटी निजू लागली, तशी कुजबुज सुरू झाली, सुनेला माहेरी धाडा. ते गोजराच्या कानी गेलं. तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

तेव्हा सटवाजी उंबऱ्याशी येऊन बसला. सासऱ्यानं सुनेला विचारावं असा तो काळ नव्हता. तरी म्हणाला, "सूनबाई, तो आवाज न विचारता आला. मी विचारून करीन. नको म्हणालीस तर उचलणार नाही. ठोकू का?"

हातोड्याला हात न लावता तो उठून गेला. रोज यायचा, विचारायचा, तसाच उठायचा. मग एका सकाळी आतून आलं, "एकच."

त्यानं हलक्या हातानं एकच ठोका मारला आणि थांबला. गोजरा उंबऱ्यापर्यंत आली. सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली ती पोर त्याच्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मामंजी, अजून एक."

हळूहळू आळी पुन्हा वाजू लागली. बाजारही भरू लागला, भीतभीत. गोजरा म्हातारी होऊन गेली, तेव्हा शेजारच्या सुनेनं उत्तर दिलं, आणि तसंच पुढं चालू राहिलं.

आजही एखाद्या सकाळी कुठल्याशा घरातून "आज नको" असं येतं. मग साऱ्या आळीचे हातोडे खाली राहतात. का, ते कोणी विचारत नाही.