रुखवतातला टीव्ही

विश्वासराव रेडकर मामलेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरावरचा अंमल काही त्यांनी सोडला नव्हता. दिवाणखान्यातला जुना, पेटीएवढा टीव्हीही त्यांच्याच अखत्यारीत होता. त्यात आधी आवाज येई, मग दोन थपडा बसल्यावर माणसं येत, तीही जांभळी. त्यांच्या पत्नी पडद्याला नाक लावून मालिका बघत आणि डोळे चोळत उठत.

नवी सून सुमेधा लग्न होऊन आल्यापासून हे गुपचूप पाहत होती. एकदा चहा देताना ती म्हणाली, "बाबा, आईंच्या डोळ्यांना त्रास होतो. टीव्ही बदलू या का?"

"टीव्ही कधी बदलायचा ते मी बघेन," विश्वासराव म्हणाले. "त्याला काय धाड भरलीय? असा माल आता शोधून सापडणार नाही, सूनबाई."

सासूबाईंनी मान खाली घातली. सुमेधाने मात्र मान डोलावली.

"मग केतकीच्या रुखवतात हाच मांडू या. लग्न तोंडावर आलंय. लेकीला द्यायचं तर चांगलंच द्यावं."

विश्वासरावांचा बशीचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. "हा? रुखवतात? अगं, तिच्या सासूला यात काय दिसणार? विहीणबाई काय म्हणतील?"

"काही नाही म्हणणार," सुमेधा रिकामा कप उचलत म्हणाली. "आपल्या आई कुठे काय म्हणतात?"

दुसऱ्या दिवशी नवा टीव्ही आला. विश्वासरावांनी शेजारीपाजारी सांगितलं, "सुनेचा हट्ट हो. नवी आहे, मोडवेना."