रणगाड्याच्या पाठीचं भोक

खेळणी माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. कुंदाताईंकडे रिमोटवर चालणारा एक छोटा रणगाडा होता. बॅटरी चार्ज करायची म्हणजे दर वेळी स्क्रू काढून त्याला उघडावं लागे. आटे झिजले, कवच खुळखुळू लागलं.

एकदा कुंदाताई ड्रिल घेऊन आल्या. "पाठीला भोक पाडून तिथे चार्जिंगचं सॉकेट बसवते."

"नको! भोक पडलेला रणगाडा कसला रणगाडा?" तो रडवेला झाला.

"अरे, तुला उघडताना माझा जीव धास्तावतो. एखादी तार तुटली तर?"

रणगाडा विरघळला. "मग पाठीवरच, पण अगदी मागच्या टोकाला पाडा, ताई. तिथे शोभेल."

पूर्वी बॅटरी काढली की तो मुका होई. सॉकेट बसल्यावर बॅटरी आतच राही आणि चार्जिंग होईपर्यंत दोघांच्या गप्पा संपत नसत.