भेकराची मुदत टळली

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका कारवीच्या रानात गव्यांचा मोठा कळप चरत असे, आणि त्या कळपाच्या राखणीला एक भेकर होते. भेकर म्हणजे लहानसे हरीण. पण संकटाची चाहूल लागली की ते कुत्र्यासारखे भुंकते. सात वर्षे या भेकराने आपले काम चोख केले. त्याच्या बदल्यात त्याला, त्याच्या भेकरीला आणि पाडसाला कळपाच्या मधोमध बसायला जागा मिळे. त्या रानात कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, टोळीने हिंडत. पण गव्यांच्या कळपात शिरण्याची त्यांची छाती होत नसे.

एके दिवशी दुपारी भेकराला ओढ्याकाठी बिबट्या दिसला. ते जिवाच्या आकांताने भुंकले आणि कळप उधळला. नेमका त्याच वेळी कळपाचा म्होरक्या गवा शेजारून आलेल्या पाहुण्यांना आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होता. सर्वांत आधी पळाला तो तोच, आणि पळताना चिखलात सपशेल आडवा झाला. तोवर बिबट्या झाडीत नाहीसा झाला होता. पाहुणे खो खो हसले.

"कुठे आहे बिबट्या?" गवा भेकरावर खेकसला.

"नायक, ओढ्याच्या वाळूत ताजे ठसे आहेत. चला, दाखवतो."

"मला काही बघायचे नाही! खोटी हाक देणारा राखणदार मला नको. आजपासून तू कामावर नाहीस. चालता हो!"

गव्याच्या पाठीवर बसून किडे टिपणारा एक बगळा हे सारे ऐकत होता. तो ओढ्यावर एक फेरी मारून आला होता. ठसे त्यानेही पाहिले होते.

भेकरी म्हणाली, "आत्ताच्या आत्ता हत्तीणआजीच्या न्यायसभेत जा. विनाकारण कामावरून काढले तर तिथे दाद मागता येते."

भेकर निघालेही; पण वाटेत गवा भेटला. आता त्याचा आवाज मवाळ होता. "अरे, रागाच्या भरात बोललो मी. पाहुणे जाऊ देत, मग तुला परत बोलावतो. सभेत कशाला जातोस? आपले आपल्यात मिटवू." बगळा तेव्हाही त्याच्या पाठीवरच होता.

भेकराला हायसे वाटले. ते माघारी आले आणि कळपाबाहेर, झुडपांच्या आडोशाला वाट पाहत राहिले. आठवड्याने ते पुन्हा गव्याकडे गेले. गवा म्हणाला, "एवढी घाई काय आहे? माझ्या लक्षात आहे." भेकरी रोज म्हणे, "जा रे सभेत." भेकर रोज म्हणे, "सात वर्षांची ओळख आहे. ते शब्द फिरवणार नाहीत." अठराव्या दिवशी भेकराने पाहिले, तर त्याच्या नेहमीच्या टेकाडावर एक वानर राखणीला बसले होते. गवा समोरूनच आला, पण ओळख न दाखवता निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी भेकर न्यायसभेत पोहोचले. तक्रारी नोंदवण्याचे काम साळिंदराकडे होते. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "कामावरून काढून किती दिवस झाले?"

"आज एकोणिसावा."

"तक्रार पंधरा दिवसांच्या आत द्यावी लागते."

"पण ते मला परत घेणार नाहीत, हे मला कालच कळले!"

"तुला कधी कळले ते धरत नाहीत," साळिंदर म्हणाले. "ज्या दिवशी 'चालता हो' म्हटले, तो पहिला दिवस."

भेकर गयावया करू लागले. ते पाहून साळिंदराने त्याला हत्तीणआजीपुढे नेले. ती म्हणाली, "उशिराला सबळ कारण असेल तर मला मुदत वाढवता येते. गव्याने तुला थांबायला सांगितले, हे कोणी ऐकले आहे का?"

भेकराने बगळ्याचे नाव सांगितले. बगळ्याला बोलावणे गेले. तो आला तो गव्याच्या पाठीवर बसूनच.

"गव्याने भेकराला थांबायला सांगितले होते का?" हत्तीणआजीने विचारले.

बगळ्याने मान खाली घातली. "माझे लक्ष किड्यांकडे होते, आजी. मी काही ऐकले नाही."

"आणि बिबट्याचे ठसे?"

"आठवत नाही."

"थांबा, मी ठसेच दाखवतो!" भेकर म्हणाले. मग ते धावत ओढ्यावर गेले. तिथली वाळू एकोणीस दिवस गव्यांच्या खुरांनी तुडवली गेली होती. एकही ठसा उरला नव्हता.

"पोरा, तू खरे बोलतोस असे मला वाटते," ते परत आल्यावर हत्तीणआजी म्हणाली, "पण नुसत्या वाटण्यावर मला निकाल देता येत नाही. तुझी तक्रार मी ऐकू शकत नाही."

"मी त्याच दिवशी आलो असतो तर?"

हत्तीणआजीने सावकाश उत्तर दिले. "तर साक्षीदाराची गरजच पडली नसती. मी स्वतः ओढ्यावर येऊन ठसे पाहिले असते."

गव्यांच्या रानात आता थारा उरला नव्हता, म्हणून भेकर भेकरीला आणि पाडसाला घेऊन पलीकडच्या उघड्या माळावर राहायला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी कोळसुंद्यांनी त्यांना गाठले. भेकर आपली टीचभर शिंगे रोखून आडवे उभे राहिले. पण टोळीपुढे त्याचे काय चालणार? पाडस वाचले नाही.

भेकरी त्याला एका शब्दानेही टाकून बोलली नाही. ती रागावली असती तर भेकराला बरे वाटले असते. दोघे दुपारपर्यंत त्या जागी उभी राहिली आणि ऊन सोसवेना तेव्हा चालू लागली. कुठे जायचे, ते दोघांनाही ठाऊक नव्हते.

तात्पर्य : ज्याने अन्याय केला त्याच्याच गोड शब्दांवर विसंबून दाद मागण्याची मुदत घालवू नये. तक्रार आधी नोंदवावी, समेटाची बोलणी मागाहून करावी. कारण आपली बाजू खरी असली तरी वेळ टळल्यावर ती ऐकून घेणारे कोणी उरत नाही.